एक जूनची मुलं

कॉलेजच्या ऑफिसात अख्तरबानोंनी कॉम्प्युटरवरचा फोटो पाहिला आणि मग समोर उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. अर्ज ग्रेसी गावितचा होता; फोटो नुकती मिसरूड फुटलेल्या पोराचा.

"हा कोण?"

"सुपडू. आमच्याच वर्गातला," ग्रेसी म्हणाली. "विषयपण त्याचेच पडलेत, मॅडम. मला भूगोल नाहीच."

परीक्षेचा अर्ज भरायची आणि त्यात दुरुस्ती करायची मुदत त्या दिवशी पाच वाजता संपत होती. ती हुकली तर ग्रेसीचं शेवटचं वर्ष जाणार होतं. चिंचपाड्याकडच्या तिच्या घरी, वर्ष गेलेल्या मुलीला पुन्हा कॉलेजात कुणी पाठवणार नव्हतं.

काय झालं असेल ते अख्तरबानोंच्या लगेच ध्यानात आलं. विद्यापीठानं सगळ्यांच्या खात्याला जन्मतारीख हाच पहिला पासवर्ड दिला होता आणि तो बदलून घ्या म्हणून कळवलं होतं. बदलला कुणीच नव्हता. दुसरीकडे कुठे त्यानं फारसं बिघडलंही नसतं. पण इथे निम्मा वर्ग कागदोपत्री एकाच सालच्या एक जूनला जन्मलेला. गुरुजी पाड्यापाड्यावर फिरून पोरं गोळा करायचे, तेव्हा आया सांगायच्या, "मोहाची फुलं पडत होती तेव्हाचा." गुरुजी मान डोलवायचे आणि एक जून लिहायचे. जूनमध्ये शाळा उघडायची, वय बरोबर बसायचं. ते गुरुजी गेले, त्यांच्या मागून आलेल्यांनीही तेच चालू ठेवलं. अख्तरबानो नोकरीला लागल्या तेव्हा हॉलतिकिटावर खळीनं फोटो चिकटवायचे आणि त्यावर अर्धा शिक्का मारायचा. त्या वेळी कुणाची जन्मतारीख काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

खातं उघडताना सुपडूनं नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा चुकवला असणार. पासवर्ड दोघांचा एकच, त्यामुळे ग्रेसीचं खातं त्याच्यासाठी मुकाट्यानं उघडलं. त्यानं अर्ज भरला, फोटो चढवला आणि स्वतःचा मोबाइल नंबरही घातला. आता दुरुस्तीचा ओटीपी त्याच्याच फोनवर जाणार, आणि तो दिवाळीपासून बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेला.

फोन तिसऱ्यांदा लावल्यावर लागला.

"सुपडू, मी कॉलेजातून अख्तरबानो. तुला एक ओटीपी येईल, तो सांग."

पलीकडे ऊस तोडल्याचे आवाज. मग सुपडू म्हणाला, "नहीं सांगाव. ओटीपी कोणलेच देवाना नहीं, कॉलेजमाईन फोन उना तरी नहीं. आसं तुम्हीच सांगेल शे."

खरंच सांगितलं होतं. सगळ्या वर्गाला उभं करून, दोनदा. अख्तरबानोंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ग्रेसी फोनकडे वाकली. "अरे शहाण्या, तू माझ्या खात्यात शिरलायस. वरती नाव बघ कुणाचं आहे ते."

"इंग्लिशमा शे."

"मग वाच. बी.ए.ला आहेस ना?"

तो पुटपुटत एकेक अक्षर जुळवू लागला. "ग्रेसी लिखेल शे," शेवटी आवाज आला. "मंग मन्हा फॉर्म?"

"तुझा कोराच आहे," अख्तरबानो म्हणाल्या. "आणि आजच शेवटचा दिवस."

हे त्याला पटलं. तरी ओटीपी त्यानं सांगितला नाही, आणि त्यांनीही पुन्हा मागितला नाही. "तूच बदल," त्या म्हणाल्या. "तिच्या खात्यातला तुझा नंबर काढ, तिचा घाल. ओटीपी तुझा तूच टाक. मग बाहेर पड आणि स्वतःचा फॉर्म भर. आकडे नीट बघून."

ग्रेसीनं आपल्या नंबरचा एकेक आकडा सांगितला. मध्येच मुकादम कुणावर तरी ओरडला आणि फोन तुटला. दोघी बसून राहिल्या. बाहेर शिपाई खिडक्या लावत निघाला होता.

ग्रेसीचा फोन वाजला. ओटीपी तिच्याकडे आला होता, म्हणजे सुपडूनं नंबर बदलला होता. तिनं तो सांगितला नाही; खुर्ची ओढून स्वतःच कॉम्प्युटरसमोर बसली आणि टाकला. भूगोल काढला, आपले विषय घातले, फोटो बदलला.

"पासवर्डही आत्ताच बदल," अख्तरबानो म्हणाल्या आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मागे बटणांचा आवाज होत राहिला. तो थांबला तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. ग्रेसीचा अर्ज स्वीकारला गेला होता.