निळ्या दिव्याचं कपाट

"अगं, तू अजून इथेच?" मोठ्या बाईंनी मला ओळखलं आणि त्यांचा हात आपसूक दुखऱ्या कानावर गेला.

कानाच्या या दवाखान्यात त्या मुख्य नर्स होत्या तेव्हा मी फरशी पुसायची. आता त्या निवृत्त होऊन पेशंटच्या बाकड्यावर, आणि निळ्या दिव्याचं कपाट माझ्या ताब्यात. दिवस फिरतात म्हणतात ते खोटं नाही.

कानात घालायची दुर्बीण उकळली तर बिघडते. म्हणून ती धुऊन-पुसून या कपाटात ठेवायची. आतला अतिनील दिवा जंतू मारतो. पण उजेड पडेल तिथलेच. एकीवर एक रचल्या, की झाकलेली बाजू तशीच राहते. बाईंना हे तोंडपाठ होतं, नवीन मुलींना त्याच शिकवायच्या. बाहेर गर्दी झाली की मात्र स्वतःच सरपण रचावं तशा दुर्बिणी कोंबायच्या.

माझ्या लेकीचा कान तपासला तो त्याच ढिगातल्या दुर्बिणीने. आधीच्या पेशंटचा कान वाहत होता. थोड्याच दिवसांत लेकीचा वाहायला लागला, पडदा सडला, आणि उजव्या कानाने ती कायमची बहिरी झाली. मी बाईंना जाब विचारला, तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरीला धड आंघोळ घालता येत नाही आणि आमच्याकडे बोट दाखवते!" चोर तो चोर, वर शिरजोर. त्या वाक्याने माझी झोप जाते, अजूनही.

"मावशी, दुर्बीण घ्या तयार करून," आतून डॉक्टर म्हणाले.

मी आधीच्या पेशंटला वापरलेली दुर्बीण धुतली, पुसली, कपाट उघडलं. आत दिवा दाखवायच्या राहिलेल्या दोन दुर्बिणी होत्याच. तिसरी नुसती त्यांच्यावर टाकायची, बस्स. कुणाच्या बापाला कळलं नसतं. खरं सांगते, हात तिथवर गेला. रस्ता ओलांडताना लेक भेदरून उजवीकडे पुन्हा पुन्हा बघते. बाईंनाही बघू दे की तसं!

मग मी त्या दोन्ही बाहेर काढल्या आणि ही एकटी टांगली, सगळीकडून मोकळी. दयेने नाही. त्यांचं पाप मी का करू? पण सोडणार तर नव्हतेच.

दिवा लागला तशा बाई उठून जवळ आल्या.

"सुटी ठेवलीस ना गं?"

मी फडका पिळत राहिले.

"लेक कशी आहे तुझी?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"एका कानाने ऐकते."

बाईंचा चेहरा उतरला. "तेव्हा मी... चुकलंच माझं. पण तू तसं नाही ना केलंस? एवढं सांग, बाई."

"आठवत नाही. गर्दी किती आहे, बघताय ना?"

बाकड्यावर एक म्हातारा तेवढा पेंगत होता.

दिवा विझला. हातमोजे चढवून मी दुर्बीण काढली आणि आतल्या खोलीचा पडदा बाजूला धरला. बाई दारात थबकल्या, डोळे भरलेले. नुसतं 'सुटीच ठेवली' म्हटलं असतं तर त्या निवांत आत गेल्या असत्या.

"चला," मी म्हणाले, "डॉक्टर खोळंबलेत."