भगरीत जवारी

संग्रामपूरच्या उत्तमरावांना गिरणी चालवत तीस वर्षं झाली होती. या तीस वर्षांत कुणाचं पीठ कुणाच्या डब्यात गेलं नव्हतं. गेल्या पंधरा दिवसांत मात्र चारदा गेलं, आणि हिंमतरावांच्या गव्हाचा तर रवाच निघाला.

झालं होतं एवढंच, की उत्तमरावांच्या मुलाचं, गोकुळचं मन सरस्वतीबाईंच्या नातीवर, संजीवनीवर बसलं होतं, आणि तिचंही त्याच्यावर. लग्नाचं विचारायचं काम उत्तमरावांकडे आलं. सरस्वतीबाईंपुढे भलेभले चप्पल शोधायला लागत. म्हणून उत्तमराव दिवसभर मनातच त्यांच्याशी बोलत. त्या असं म्हणतील, मग आपण असं म्हणू. मनातल्या सरस्वतीबाई दर वेळी नकारच देत.

"एकदा जाऊन इचारा नं!" बायको शालूबाई म्हणायची. "गहू दळून राह्यले का सोताचं डोकं?"

दशमीच्या सकाळी सरस्वतीबाई भगरीचा डबा ठेवून गेल्या. "उद्या एकादशी हाय. पहिले माही भगर काढजा, मंग धान्य."

उपासाचं दळण झाडलेल्या गिरणीत सगळ्यांच्या आधी निघतं, हे उत्तमरावांना सांगायला नको होतं. त्यांनी मान डोलावली आणि मनातली बोलणी पुढे सुरू केली.

पट्टा फिरू लागला. गिरणीच्या आवाजात माणसाला स्वतःचंही ऐकू येत नाही, त्यामुळे उत्तमराव हळूहळू मोठ्यानं बोलू लागले होते. मनातल्या सरस्वतीबाई आज फारच चढल्या होत्या. गिरणीवाल्याच्या घरी आमची पोरगी?

तेवढ्यात लाईट गेली. पट्टा थांबला. उत्तमराव थांबले नाहीत.

"नाही तं नाही! ठेवा तुमच्या संजीवनीले लोणच्यावानी बरणीत!"

ते वाक्य रस्त्यापलीकडच्या पानटपरीपर्यंत पोहोचलं. उत्तमरावांनी वळून पाहिलं. डबा न्यायला आलेल्या सरस्वतीबाई दारात उभ्या होत्या.

"मी नाही कवा म्हनलं?"

सरस्वतीबाईंनी आपल्या डब्यातलं चिमूटभर पीठ बोटांवर चोळून पाहिलं. "अन् यात जवारी काऊन हाय?"

पंधरा दिवसांत उत्तमरावांनी शंभर प्रश्नांची उत्तरं तयार केली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता.

"हिंमतरावची हाय," ते पुटपुटले. "पहिले तीच दळल्या गेली."

दळणासाठी बाकावर बसलेले हिंमतराव खो खो हसले. सरस्वतीबाईंनी डबा उत्तमरावांपुढे सरकवला.

"एकादशी मी शेंगदाण्यावर काढीन. हे पीठ तुमच्या घरी न्या. परवा बारशीले उपास सोडाले तुमच्याकडंच येईन, याच्याच भाकरी पाह्यजे. अन् पोराले घरी ठेवजा. पोरगी मले कधीचीच सांगून मोकळी झाली. तुमचंच तोंड उघडाची वाट होती."

त्या गेल्या आणि लाईट आली. उत्तमरावांनी आनंदानं बटण दाबलं. पट्टा फिरला. आता बारशीला त्या म्हणतील, भाकर जाड झाली. मग आपण म्हणू...

हिंमतराव बाकावरून उठले आणि आपला डबा स्वतःच गिरणीच्या तोंडाशी धरून बसले.