चार चाळींतले चार बारा नंबर

त्या दुपारी प्राचीला स्वर्ग दोन बोटंच उरला होता. लोअर परळच्या त्यांच्या चार चाळी पाडून टॉवर व्हायचा होता, आणि प्रत्येक खोलीचं हक्कपत्र पाचच्या आत क्लाउडवरच्या फोल्डरात पोचायला हवं होतं. ज्याचं नाही पोचलं, त्याची खोली सोडतीतून बाद. चाळी चार, प्रत्येकीत ऐंशी खोल्या. हातानं करत बसले असते तर कमिटीवाल्यांना गणपती उजाडले असते. प्राचीनं प्रोग्रॅम लिहिला. तो रजिस्टरातून नाव उचलायचा, पत्र तयार करायचा आणि एपीआयच्या, म्हणजे खास प्रोग्रॅमांसाठी ठेवलेल्या, दारातून थेट क्लाउडवर नेऊन ठेवायचा. स्क्रीनवर तीनशेवीस वेळा ‘पोचलं’ उमटलं. कमिटीनं पेढे आणायला माणूस पाठवला.

साडेतीनला राधाबाई आल्या. पहिल्या चाळीतल्या, बारा नंबरच्या. खोली जन्मभर नवऱ्याच्या नावावर. बुधाजी गेल्यावर पाच वर्षं खेटे घालून म्हातारीनं ती यंदा स्वतःच्या नावावर करून घेतली होती. माझं नाव मला दाखव, म्हणून महिनाभर प्राचीच्या मागे लागल्या होत्या. त्या दिसल्या की कमिटीवाले जिना बदलायचे. खरं सांगायचं तर प्राचीसुद्धा.

आता दाखवून मोकळं व्हावं, म्हणून तिनं बारा नंबरची फाइल उघडली. आत नाव धोंडू परबांचं, चाळ चौथी. प्राचीच्या तोंडचं पाणी पळालं. फोल्डर मोजलं, तर फाइली ऐंशीच!

राधाबाई चिडल्या नाहीत. हा कुठल्या चाळीतला बारा, एवढंच त्यांनी विचारलं.

घोडं पेंड खात होतं ते इथे. चाळीत माणूस नंबरानंच ओळखतात. बारा नंबरची आमटी करपली, सोळा नंबरचा जावई आला. आपली चाळ कुठली हे कोण कशाला सांगत बसतो? चौथ्या चाळीत लहानाची मोठी झालेल्या प्राचीनं फाइलींनाही नुसता खोलीचा नंबर दिला होता. आणि त्याच नावाची नवी फाइल आली की क्लाउड हूं की चूं न करता जुनी पुसतो. तीन चाळी पुसून चौथी तेवढी उरली होती.

“आमच्या मिलमध्ये बिल्ल्यावर आधी खातं, मग नंबर,” राधाबाई म्हणाल्या. “नुसता नंबर बोललं, की आपली हजेरी दुसरीला लागायची.”

प्राचीनं फोल्डर रिकामं केलं, नंबराच्या आधी चाळ लावली आणि सगळं पुन्हा पाठवलं. पाचला वीस कमी असताना तीनशेवीस फाइली भरल्या. तिनं पहिल्या चाळीतला बारा उघडला. राधाबाई बुधाजी तांबे. म्हातारीनं त्या नावावरून सावकाश बोट फिरवलं.

“बाकीचे तीन बारा आले काय गं?”

प्राचीला भरून आलं. जिला आपण टाळत होतो, तिच्यामुळे आज दोनशेचाळीस घरं वाचली. तिनं राधाबाईंचा हात धरला आणि मनापासून म्हणाली, “आले आजी. तुम्ही आलात म्हणून आले.”

पेढे आले तेव्हा पहिला पेढा बारा नंबरला द्या, असं तिनं सांगितलं. पहिल्या चाळीतल्या.