रज्जाकभाईंचा अंगठा

साजगावच्या कारखान्यात राजेश बावीस वर्षं एकच काम करतो आहे: तयार माल मापायचा आणि केसभर चुकला तरी परत पाठवायचा. मापायचा कॅलिपर सुट्टीच्या दिवशीही त्याच्या खिशात असतो. एकदा सासरी त्याने पुरणपोळीची जाडी मापली होती. बायकोने, नम्रताने, ते अजून माफ केलेलं नाही.

कारखान्याच्या भंगार गोदामातून त्याने एक सायकल घरी आणली. १९९६ साली मशीन बसवायला आलेला कुणी गोरा इंजिनियर डोंगरात फिरवायची ही सायकल मागे टाकून गेला होता. तिचं पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या दोन्ही नळ्यांत एकावर एक रबरी गुटके रचलेले असतात, खड्डा आला की ते दबतात आणि मनगटं वाचतात, हे राजेशने वाचून ठेवलं होतं. चिमटा खोलला तेव्हा आत गुटके नव्हते. रबर विरघळून त्याची काकवी झाली होती.

पुढचे तीन आठवडे चिमटा स्वयंपाकघरात, ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी आडवा होता. नळीच्या तळाशी हात पोचेना, म्हणून राजेशने ताकाच्या रवीच्या दांड्याला चिंधी गुंडाळून ती थिनरमध्ये बुडवली. नळी आतून आरशासारखी झाली. रवी त्याने धुऊन जागेवर लावली.

"ताकाला कसला वास येतोय?" दुसऱ्या दिवशी नम्रताने विचारलं.

राजेशची नजर रवीकडे गेली. तेवढ्यात तिला कळलं.

"रविवारी भंगारवाला गजा येतो," ती म्हणाली. "तोवर तुमचं हे पुढचं दबायला लागलं तर ठेवा. नायतर सायकल टेंपोत."

"दबायला म्हंजे किती?"

"तुमीच सांगा."

"माणूस बसल्यावर वीस मिलिमीटर."

"मग वीस. एकोणीस नाय चालायचं."

शनिवारी सकाळी राजेश शिळफाट्यावर रज्जाकभाईंच्या दुकानात गेला. रज्जाकभाई चाळीस वर्षं ट्रकचे पाटे आणि रबरी बुश विकतात.

"किती टनाची गाडी?" त्यांनी विचारलं.

"सायकल हाय, भाई."

"बरं. किती टनाची?"

राजेशने कागद पुढे केला. गुटके आठ, व्यास २४.८०, उंची ३५.००. रज्जाकभाईंनी चष्मा लावून आकडे वाचले. असं गिऱ्हाईक रोज येत नाही.

"मऊ पायजे का कडक?"

इथे राजेश अडला. जुनं रबर विरघळलं होतं. त्याचा मऊपणा मापणार कसा? बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे आकडा नव्हता.

"मऊ," तो म्हणाला.

रज्जाकभाईंनी मागून रबराचा एक दांडा काढला आणि त्यावर अंगठा रोवला. "हे घ्या. लोणी हाय."

राजेशनेही दाबून पाहिलं. लोणी थोडं घट्ट वाटलं. पण रज्जाकभाईंनी लेथवर गुटके कापून दिले ते कागदाबरहुकूम होते, शतांशापर्यंत. माप बरोबर आलं की राजेशला पुढचं काही दिसत नाही.

रविवारी दहा वाजता टेंपो दारात आला. गजा भंगार तोलायचा ताणकाटा खांद्यावर टाकून ओटीवर टेकला. नम्रता भिजलेल्या साबुदाण्यावर झाकण ठेवून अंगणात आली. राजेशने चिमट्याच्या चकचकीत नळीला एक रबरबँड लावला. चिमटा जितका दबेल तितका तो वर सरकणार होता. मग तो सायकलवर बसला.

रबरबँड हलला नाही. राजेश उड्या मारायला लागला. कोंबड्या पळाल्या, रबरबँड जागेवरच.

"माल दणकट हाय," गजा कौतुकाने म्हणाला. "वजनाला बरा भरंल."

राजेशने फोन लावला. "भाई, गुटके दबत नायत."

"गाडीवर माल काय हाय?"

"मी हाय ना."

"नुसते तुमी? मग गाडी रिकामीच हाय की. भरा आणि बघा."

"तांदळाचं पोतं आणू का?" गजाने नाइलाजाने विचारलं.

"पोतं कशाला?" नम्रताने पदर खोचला आणि ती पुढच्या दांड्यावर आडवी बसली. "चला. मारुतीपर्यंत."

चिमटा कुरकुरला आणि खाली गेला. वाटेत तीन खड्डे लागले. पहिल्याला नम्रताने डोळे मिटले. तिसऱ्यानंतर ती म्हणाली, "त्या पलीकडच्या मोठ्या खड्ड्यातनं घ्या बघू."

परत आल्यावर तिला दांड्यावर नीट बसवून, रबरबँड खाली ओढून, राजेशने स्वतः बसून एकदा रीतसर वजन टाकलं. मग खाली उतरून कॅलिपर लावला. पुसून पुन्हा लावला.

"किती?" नम्रताने विचारलं.

खोटं बोलायला काहीच हरकत नव्हती. कॅलिपर वाचता येणारा अंगणात तो एकटाच होता.

"एकोणीस पॉइंट सहा," राजेश म्हणाला. "नापास."

गजा उठला आणि त्याने हॅन्डलला हात घातला.

"थांब रं," नम्रता दांड्यावरून उतरली नव्हती. "आज माझी चतुर्थी हाय. सकाळपास्नं पोटात नुसता चहा. उपाशी माणसाचं वजन धरतात का कुठं? उद्या जेवून मापू."

राजेशने विचार केला. नियमात ते बसत होतं.

गजाने हात काढला, ताणकाटा उचलला आणि टेंपोत जाऊन बसला. गाडी सुरू केल्यावर त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वैनी, उद्या जेवताना जरा बेतानं."