टोपीचं काज

मास्तरांचे हात शिवणमशिनवर असत आणि कान रस्त्यावर. लेकीची मोटरसायकल पहिल्या वळणाला खाकरे, दुसऱ्याला गुरगुरे, आणि दाराशी येऊन ‘आले हो’ म्हटल्यासारखी दोनदा फुरफुरून गप्प होई. ते फुरफुरणं कानी पडलं की मास्तर पायपट्टीवरचा पाय उचलत, तांब्या तोंडाला लावत आणि घोटभर पाणी पीत. त्याआधी पाणी घशाखाली उतरतच नसे.

गेले तीन आठवडे त्या घोटाला उशीर होत होता.

लेक रक्तपेढीत कामाला होती. कागदोपत्री तिचं नाव मोठं आणि भारदस्त होतं, पण मास्तरांना ती ठकीच. सकाळी निळ्या पेटीत बर्फ भरायचा, बर्फात रक्ताच्या पिशव्या ठेवायच्या, पेटी मागच्या कॅरिअरला बांधायची आणि नदीपलीकडच्या दवाखान्यात पोचवायची, हे तिचं काम. मधे तो पूल. लांबलचक, अरुंद, कडेला थांबायला हातभरही जागा नाही. मागून टँकर येतात, पुढून ट्रक येतात, आणि खाली पाणी इतकं खोल की वरून पाहिलं तर काळं दिसतं.

मोटरसायकल मरायची ती त्या पुलावर. गावातल्या गल्ल्यांत शहाण्यासारखी चालायची. पूल लागला, अर्धाअधिक सरला, की एक आचका, दुसरा आचका, आणि एकदम गप्प. तीन आठवड्यांत नऊ वेळा.

“पाणी गेलंय पेट्रोलमधे,” पहिल्यांदा मिस्त्री म्हणाला होता. आणि ते खरंही होतं. गाडी धुताना टाकीच्या झाकणातून पाणी आत शिरलं होतं. मिस्त्रीने टाकी उपडी केली, वाळवली, नवं पेट्रोल भरलं. त्याच दिवशी मास्तरांनी ठरवलं, आता थेंब आत जाऊ द्यायचा नाही. काळ्या रेक्झिनची एक टोपी शिवली, झाकणाच्या मापाची. आतून सायकलच्या ट्यूबचं अस्तर लावलं. कडेने दुहेरी इलॅस्टिक, वर दोन टिपा. झाकणावर चढवून चारी बाजूंनी चाचपून पाहिली आणि म्हणाले, “आता पाणीच काय, वाराही शिरायचा नाही.”

ठकीची आई असती तर म्हणाली असती, पुरे झालं स्वतःचं कौतुक. ती जाऊन सात वर्षं झाली होती. लेक शाळेतून यायला उशीर झाला की काज करता करता ती गुणगुणायची:

*वाऱ्या वाऱ्या, हळू ये रे,*
*लेक माझी वाटेवर.*
*वाऱ्या, बाहेरच थांब रे,*
*दार माझं बंद कर.*

आता मास्तर गुणगुणत. आवाज तिच्याइतका गोड नव्हता, पण भीती तीच होती.

टोपी चढली तरी गाडी मरतच राहिली. मग मिस्त्रीने प्लग बदलला. कार्बोरेटर उघडून फुंकला. वायर तपासल्या, पेट्रोलच्या कॉकची जाळी धुतली. आणि दर वेळी स्वतः लांबवर हाकून आणली.

“मास्तर, काल वीस मैल तुडवली. हूं नाही की चूं नाही. माझ्या हाताखाली गाय होते हो ही.”

“मग पुलावरच का मरते?”

“ते पुलाला विचारा. मी मिस्त्री आहे, मांत्रिक नाही.”

मास्तर हसले नाहीत. गाडीत दोष सापडला की माणूस निश्चिंत होतो, तो सापडला नाही की दोष अंगणभर फिरतो, उंबऱ्यावर बसतो, ताटात येतो. मास्तरांना पुलाचीच भीती बसली. डोळे मिटले की पूल दिसे, आणि पुलावर लेक, आणि लेकीमागे टँकरचं नाक.

मंगळवारी ती परतली तेव्हा फुरफुरणं नेहमीचंच होतं. मास्तरांनी पाणी पिण्यासाठी तांब्या उचलला आणि तसाच धरून राहिले. लेकीची डावी बाही कोपरापाशी शिवलेली होती. ओबडधोबड टाके, वेगळ्याच रंगाचा दोरा.

“हे काय?”

“खिळ्याला अडकली.”

कापड खिळ्याला अडकलं की कोन पडतो. हे तर घासून, ताणून, धागा धागा सुटून गेलं होतं. चाळीस वर्षं कापड हाताळणाऱ्या माणसाशी कापडाबद्दल खोटं बोलू नये, पण लेकीला तेवढं सुचलं नव्हतं. मास्तरांनी बाहीवर बोट फिरवलं. टाक्यांखालची कातडी सोललेली होती.

“ट्रक?”

तिने बाही सोडवून घेतली. मग हळूच म्हणाली, “लागला नाही बाबा. नुसता घासून गेला.”

“सोड ती नोकरी.”

“आणि पलीकडे ज्यांना रक्त हवंय त्यांनी काय करायचं? पोहत यायचं?”

“उद्या मी मागे बसणार.”

“तुम्ही? स्टुलावरून उतरताना भिंत धरता तुम्ही.”

“तुला धरेन.”

बुधवारी सकाळी मास्तर आयुष्यात पहिल्यांदा लेकीच्या मागे बसले. पेटी पाठीशी, लेक पुढ्यात. खिशात सवयीने सुई-दोरा आणि छोटी कात्री. एका हाताने तिचा पट्टा धरला होता, दुसऱ्या हातानेही तोच धरला होता.

“बाबा, पोटात कळ येतेय. जरा सैल धरा.”

“तू पुढे बघ.”

दुकानं गेली, दूध केंद्र गेलं, शाळेची भिंत गेली. इंजिन एकसुरात चालत होतं, चांगल्या मशिनसारखं. मास्तरांना वाटलं, आज नाही होणार. पूल लागला. वारा आडवा आला. पुलावरचे दिव्याचे खांब मास्तर मोजू लागले. एक, दोन, तीन. मागून काहीतरी मोठं येत होतं. त्याचा आवाज कानांत नव्हता, मांड्यांत होता. चार. पाच. सहा.

सातव्या खांबाशी गाडीने आचका दिला.

“ठके!”

“बोलू नका.”

दुसरा आचका. मग ती शांतता. चाळीस वर्षं मशिनच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला कळलं की शांतता ओरडते. गाडी नुसत्या ओघाने चालली होती, हळू, आणखी हळू. लेकीने ती कठड्याला इतकी लगटून नेली की मास्तरांचा गुडघा लोखंडाला खरचटला. मागे भोंगा वाजला, लांब, न संपणारा. टँकर शेजारून गेला. त्याची भिंत मास्तरांच्या कानापासून वीतभर होती. वाऱ्याने डोक्यावरची टोपी उडाली ती थेट नदीत. मास्तरांचे ओठ हलत होते, पण त्यांतून ना देवाचं नाव निघालं, ना लेकीचं.

ठकीने मात्र तोवर गाडीवरून खाली उडी मारली होती. रोजचा सराव. झाकणावरची रेक्झिनची टोपी ओढून काढली, किल्ली फिरवली, झाकण उघडलं, आत डोकावली. पेट्रोल होतं. गाडी दोनदा हलवली, झाकण लावलं, टोपी चढवली, किक मारली. दुसऱ्या किकेला इंजिन धडधडलं.

“बसा लवकर!”

मास्तर बसले. पलीकडे पोचेपर्यंत त्यांच्या कानात टँकर नव्हता. झाकण उघडताना झालेला एक बारका आवाज होता. सूं. कुणीतरी खूप वेळ कोंडलेला श्वास घेतल्यासारखा.

दवाखान्याच्या आवारात लेक पेटी घेऊन धावत आत गेली. मास्तर गाडीला टेकून उभे राहिले. मग टोपीला हात लावला. ती निघेना. इलॅस्टिक घट्ट होतं हे खरं, पण ही ओढ इलॅस्टिकची नव्हती. मधोमध रेक्झिन खळगा पडल्यासारखं आत दबलं होतं. आतून कुणी ते ओढून धरलं होतं. नख घालून उपसली तेव्हा ‘पच्’ असा आवाज झाला. ट्यूबच्या अस्तरावर मसुराएवढा फुगवटा उमटला होता. आणि झाकणावर, बरोबर त्या जागी, मसुराएवढं भोक.

मास्तरांनी भोकाकडे पाहिलं. मग त्यांना मशिनच्या तेलाचा डबा आठवला. नव्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल उतरत नाही. दुसरं पाडावं लागतं, हवेसाठी. इतकी वर्षं दर नव्या डब्याला खिळा घेऊन तेच करत आले होते.

त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. बोटं दोनदा चुकली.

“मिस्त्री, गाडी हाकून बघता ना, तेव्हा मी शिवलेल्या टोपीचं काय करता?”

“काढून ठेवतो की. तेलाचे हात लागायचे तुमच्या कामाला. परत देताना पुसून चढवतो. का हो, डाग पडला का?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “डाग नाही.”

फोन ठेवला तेव्हा आवारातली भिंत त्यांना जरा वाकडी दिसली. ते पायरीवर बसले. पूल नव्हता, पाणी नव्हतं, प्लग नव्हता. तेच होते. थेंब आत जाऊ नये म्हणून त्यांनी वारा कोंडला होता. पेट्रोल खाली उतरायचं, वरून हवा यायची वाट बंद, मग घरून निघून पुलाच्या मध्यापर्यंत येता येता टाकी घुसमटायची. लेक झाकण उघडायची तेव्हा ती श्वास घ्यायची आणि चालू लागायची, पुढच्या वेळेपर्यंत. म्हणजे पहिली वेळ सोडली तर दर वेळी लेकीला त्या काळ्या पाण्यावर त्यांनीच उभं केलं होतं. डाव्या बाहीवरचा ट्रक त्यांनीच शिवला होता. दुहेरी टिपेने.

सांगू नये, असं एकदा मनात आलं. टोपी खिशात घालावी, वाटेत हरवली म्हणावं. गाडी बरी होईल, श्रेय मिस्त्रीला जाईल. पण मग ती पुन्हा कधी म्हणेल, ‘बाबा, एक टोपी शिवून द्या ना,’ तेव्हा?

लेक रिकामी पेटी घेऊन बाहेर आली. “चला. दुपारच्या आत अजून दोन पिशव्या आणायच्यात. एक बाई आत आहे, बाळंतीण. फार रक्त गेलंय.” मग तिने बापाचा चेहरा पाहिला. “बाबा? लागलं का कुठे?”

“ठके, गाडी मी मारतोय.”

त्यांनी टोपी उलटी करून दाखवली. फुगवटा, भोक, तेलाचा डबा, मिस्त्रीचे तेलाचे हात, सगळं सांगितलं. सांगताना डोळे तिच्या बाहीवरून हलेनात.

तिने टोपी हातात घेऊन फुगवट्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “मी पहिलीत असताना तुम्ही मला फ्रॉक शिवला होता. थंडी शिरू नये म्हणून गळा एवढा घट्ट, की डोकं आत अडकलं. मी आतून रडतेय आणि तुम्ही बाहेरून म्हणताय, फिटिंग बघ काय झालंय.”

“तुझ्या आईने कात्री लावली.”

“हो. आणि मग त्या जागी काज केलं, बटण लावलं. दोन वर्षं घातला मी तो फ्रॉक.” तिने टोपी त्यांच्या हातात परत दिली. “पाणी परत आत गेलेलं नको मला. लवकर करा.”

मास्तरांनी कात्री काढली. अस्तरासकट मधोमध चीर दिली. ट्यूबचं रबर सुईला दाद देईना, पण त्यांनी अंगठ्याने रेटलं. टाके सरळ पडले. त्या हातांना तेवढं येत होतं. भोवती दोरा गुंफत गुंफत काज बांधलं, आणि पाणी थेट आत पडू नये म्हणून वरून एक पाखा सोडला, सैल, एका बाजूने मोकळा.

“झालं?”

“झालं असावं.”

“असावं?”

“मी मिस्त्री नाही, ठके. शिंपी आहे.”

पुन्हा पूल. या वेळी मास्तरांनी एका हाताने पट्टा धरला. दुसरा हात तिच्या कमरेवरून पुढे नेऊन टाकीवरच्या टोपीवर ठेवला. आपला अंदाज चुकला असेल तर? दोष दुसराच कुठला असेल तर? मागून पुन्हा काहीतरी मोठं येत होतं. परतीच्या वाटेवर खांब उलटे मोजायचे, पण ते त्यांना सुचलं नाही. एक, दोन, तीन. चार. वारा आडवा आला. पाच. लेकीची पाठ ताठ झाली. म्हणजे तीही मोजत होती.

सहा.

मास्तरांनी पाख्याखाली बोटाचं टोक सरकवलं. काजाशी काहीतरी हललं. इतकं हलकं, की झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरल्यावर लागतं तेवढंच. वारा आत जात होता.

मास्तरांनी बोट चटकन काढून घेतलं. त्याच्या वाटेत यायचं नव्हतं त्यांना.

“वाऱ्या वाऱ्या,” ते पुटपुटले. पुढची ओळ ओठांवर आली तशीच त्यांनी अडवली. “आत ये रे. ये बाबा, आत ये.”

“काय म्हणालात?” लेकीने पुढूनच ओरडून विचारलं.

“काही नाही. पुढे बघ.”

सातवा खांब आला. इंजिन एकसुरात चाललं होतं. मास्तरांनी डोळे मिटले नाहीत. आठवा आला.