चंद्रीचा कासरा

नेवाशाच्या कोर्टात पुकारा करणारा शिपाईही आता रतनबाईंना मावशी म्हणू लागला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी चंद्री म्हैस आसारामला उधारीवर दिली. ऑपरेशनचा खर्च लेकीनं केला, आसारामचे पैसे काही आले नाहीत. मग केस झाली. कधी साहेबांची बदली, कधी वकिलांचा बंद, कधी आसारामच्या वकिलाचा मुदतीचा अर्ज. प्रत्येक खेपेला पुढची तारीख.

तारीख पडली की त्या आणि आसाराम आवारातल्या लिंबाखाली टेकत. रतनबाईंचा राग चहा येईपर्यंतच टिकायचा.

"कशी हाय रं चंद्री?"

"येली की काकू! पारडी झाली. कपाळावर चांद, आईसारखाच."

त्या दिवशी एसटीत त्या गालातल्या गालात हसत होत्या. नांदायला आल्या तेव्हा वडिलांनी पारनेरहून बैलगाडीमागं म्हैस बांधून दिली होती. चंद्री तिच्याच वंशातली. आता गोठा रिकामा होता आणि चहाला पिशवीचं दूध. पैशापेक्षा हेच त्यांना जास्त सलायचं.

तारखा पडत गेल्या, पारडी वाढत गेली. एकदा आसाराम म्हणाला, "पारडी गाभन हाय, काकू."

पुढच्या तारखेला त्याचा वकील पुन्हा अर्ज घेऊन उभा राहिला. रतनबाईंची वकील निकिता विरोध करणार, तोच रतनबाईंनी पिशवीतून जुना कासरा काढून टेबलावर ठेवला.

"आजी, हे काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"चंद्रीचा कासरा, साहेब. आमच्यात जनावर इकलं तरी कासरा देत न्हाईत. ह्याला पैसं देनं जमंना, तुमाला निकाल देनं जमंना. मला चंद्रीची पारडी द्या. मी यायची बंद हुते."

सगळे हसले. साहेबही.

आसाराम पुटपुटला, "लळा लागलाय वं तिचा."

"आन मला चंद्रीचा न्हवता व्हय?"

त्यानं कासरा त्यांच्याकडं सरकवला. म्हणाला, "न्या. पन पयला खरवस माझ्याकडं धाडायचा."

"डबा तुझा तू आन."

वकिलांनी तिथंच तडजोड लिहून दिली.

दिवस मावळायला आसाराम टेम्पो घेऊन दारात आला. पारडी बुजत बुजत उतरली, गव्हाण हुंगली आणि कडब्याला तोंड लावलं. रतनबाईंनी तिच्या गळ्यात आईचा कासरा बांधला, चांदावर हात फिरवला आणि आसारामला म्हणाल्या, "बस. चहा ठेवते. आज पिशवीचाच घे."