पहिला घाणा

लालासाहेब पलटणीत बंदुका दुरुस्त करायचा. पेन्शन घेऊन पाटणजवळच्या आपल्या गावी आला, तेव्हा उरलेलं आयुष्य म्हशीच्या मागं काढायचं असं त्यानं ठरवलं होतं. पण बेचाळीस साल आलं, गावची पोरं भूमिगत झाली आणि त्याच्या घरची चूल गोळ्या ओतायच्या कामाला लागली. शिसं कढईत वितळवायचं, पळीनं साच्यात ओतायचं. साचा गार असला की गोळी वरून घासल्यावर साफ दिसते, पण पोटात पोकळ राहते आणि सरळ जात नाही. म्हणून पहिला घाणा तो नेहमी परत कढईत टाकी. बायको चंद्राबाई चेष्टा करायची, "पयला घाणा सासूबाईंच्या धिरड्यावानी, कवाच धड न्हाई."

त्यांचा मुलगा गुंडा पोलिसात होता. चंद्राबाईच्या मेलेल्या बहिणीचा अर्जुना भूमिगतांत. तिनं दोघांनाही अंगावर पाजलं होतं. आता ते बंदुका घेऊन समोरासमोर आले तर, हा विचार लालासाहेबाच्या डोक्यातून जाईना. त्यात गुंडाची बदली पाटणच्या ठाण्यात झाल्याचं कळलं. त्या दिवशी लालासाहेबानं साचा तापूच दिला नाही. एकेक पोकळ गोळी घासूनपुसून पुरचुंडीत बांधली आणि अर्जुनाच्या हातात दिली. मायेनं माणूस आंधळा होतो म्हणतात. हा तर डोळे उघडे ठेवून आंधळा झाला.

आठवड्यानं अर्जुना मेला, आणि तोही पोलिसांच्या हातून नव्हे. भूमिगतांच्या नावावर घरं लुटणाऱ्या दरोडेखोरांना अडवायला तो गेला होता. जवळून टाकलेले दोन्ही बार वाया गेले आणि त्यांनी त्याला कुऱ्हाडीनं तोडला. गुंडा बदली रद्द होऊन जुन्याच ठिकाणी कचेरीवर पहारा देत होता.

गटाचा म्होरक्या जोतीराम भेटायला आला.

"तात्या, राग मानू नगा. तुमच्या हातच्या गोळ्यांत खोट कशी आसंल? अर्जुनाच भ्याला. हात थरथरला त्येचा. गावातबी आमी त्येच सांगितलंय."

चंद्राबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. अर्जुनाचा नेम साऱ्या गावाला ठाऊक होता. लालासाहेबाच्या ओठाशी शब्द आला, पण खरं सांगितलं तर ही माणसं आपल्याला सोडणार नाहीत, हेही त्याला कळत होतं. जिवाला भ्याला तो, आणि भित्रा ठरला मेलेला पोरगा. जोतीराम चहा पिऊन, पुढच्या गोळ्यांचं सांगून गेला.

"त्या दिशी पयला घाणा तुमी मागारी टाकला न्हाई," चंद्राबाई म्हणाली. "मला वाटलं, घाई आसंल."

"गुंडा पाटणला येनार व्हता. आपल्या पोराला गोळी लागली आसती मंजी?"

"आन अर्जुना कुणाचा व्हता?"

लालासाहेब पळी उचलायला वाकला.

"हितनं म्होरं गोळ्या मी ओतनार," ती म्हणाली, आणि साचा निखाऱ्यावर ठेवून तो चांगला तापेपर्यंत चुलीपुढून हलली नाही.